गौरव्वाकाकूंचा डावा हात

गौरव्वाकाकूंनी बसून चहा प्यायलेला मी कधी पाहिला नाही. बशी हातात, एक घोट नळापाशी, दुसरा माझ्या उंबऱ्याशी. शुक्रवार पेठेत मी त्यांचा भाडेकरू. वाचत बसलेला दिसलो की म्हणायच्या, "मास्तर, उठा जरा. पाय हायत का गेले बघा की." त्यांना जाऊन महिना होत आला. अजून अंगणात पावलं वाजल्यासारखी वाटतात आणि हातातलं पुस्तक मिटतं.

त्या स्थिर असत फक्त सकाळच्या पूजेला. लिंगायत रीतीने गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन हात डोळ्यांसमोर धरायच्या, तेव्हा पापणीसुद्धा हलत नसे.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली माळ्यावरून उतरताना शिडी सरकली आणि त्यांच्या डाव्या दंडाचं हाड खांद्यालगत मोडलं. एक्स-रेचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, तुकडे सरकलेत. पोलादी पट्टी लावून स्क्रूंनी आवळले नाहीत तर हात उचलणार नाही. काकूंनी एवढंच विचारलं, तळहात डोळ्यांपर्यंत येईल का? डॉक्टरांनी खात्री दिली नाही. पट्टी लावली तर आशा आहे म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनी गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र त्यांनी लगेच दिलं. लिंगाच्या दोऱ्याला हात लागताच उठून बसल्या.

"जीव हाय तवर हे अंगावेगळं होत न्हाय."

दोरा नेमका खांद्याजवळून जात होता. डॉक्टर चिडून बाहेर गेले. काकूंचे यजमान अप्पा घरी चला म्हणू लागले. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिलो. एका जागी उभं राहवेना. डॉक्टर परत आले तेव्हा काकूंनीच तोड काढली.

"गळ्यातच पायजे असं कुटं हाय? उजव्या मुठीत बांधा."

भूल दिल्यावर मूठ सुटेल, असं डॉक्टर म्हणाले.

"म्हणून तर बांधा म्हणते."

सिस्टरनी लिंगासकट मूठ बँडेजमध्ये गुंडाळली. शुद्धीवर येताच काकूंनी आधी ती मूठ कपाळाला लावली.

पुढे वाकून हात झुलवायचा, भिंतीवर बोटं वर वर चढवायची, असा व्यायाम होता. सगळे आराम करा म्हणत, काकू भिंत सोडत नसत. तरी हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. डॉक्टर हळहळले. मी त्या विषयावर बोलायचं टाळू लागलो.

एका सकाळी दार उघडं होतं. लिंग तळहातावर, तळहात छातीशी, आणि काकू वाकून त्याकडे पाहत होत्या. पूजा आटोपून त्यांनी मला पाहिलं.

"असं तोंड का करता, मास्तर? हात वर येईना, पण मान खाली येती की."