वरच्या ओळीतली बेरीज

बस डेपोच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या या कारकुनाला अख्खा डेपो मॅक्रोमामा म्हणायचा, आणि त्याला ते आवडायचं, हेच तर दुर्दैव. त्याआधी बिचाऱ्याला कुणी काही म्हणतच नव्हतं. खोलीत एक कुरकुरणारा पंखा, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि कंडक्टर लोकांनी टाकलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग. कुठल्या थांब्यावर किती माणसं चढली ते त्या चिठ्ठ्यांवर असायचं. याने ते आकडे तक्त्यात भरायचे, प्रत्येक थांब्याची एक ओळ, प्रत्येक दिवसाचा एक रकाना, आणि रकान्याखाली बेरीज मांडायची. झालं. जन्म गेला त्यात.

बेरजेची त्याची पद्धत थोरल्या बहिणीने, ताईने, लावलेली. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ढकललं आणि गणित शिकवलं. "आधी शेवटच्या आकड्यावर बोट ठेव. ठेवलंस? आता चढ वर." कॉम्प्युटर आला तरी हा पठ्ठ्या पडद्यावर बोट टेकवून, ओठ हलवत, खालून वर चढायचा. शेजारच्या टेबलावरची आवक-जावकवाली बाई वैतागायची. "अहो, काच आहे ती, पाटी नाही! किती डाग पाडाल?"

शेवटी तिनेच त्याला मॅक्रो शिकवला. रेकॉर्डचं बटण दाबायचं, एकदा बेरीज करून दाखवायची, रेकॉर्ड बंद करायचं. पुढच्या वेळी एक बटण दाबलं की कॉम्प्युटर तेच सगळं आपलं आपण करतो. त्याने प्रत्येक मार्गाच्या तक्त्याला असं एकेक बटण करून ठेवलं. त्यातही डोकं लढवलं. साहेबांना खाली खाली जायला नको म्हणून बेरीज तळाऐवजी सगळ्यात वरच्या ओळीत आणली. साहेब खूश! "वा, मामा, तुम्ही तर कमाल केलीत." सगळ्यांदेखत पाठ थोपटली. त्या दिवसापासून तो मॅक्रोमामा झाला आणि त्याचं बोट काचेवरून उठलं ते उठलंच.

ताई पुलापलीकडच्या नव्या वस्तीत राहायची. नवरा गेल्यावर, त्याने बांधलेल्या दोन खोल्यांत, एकटी. शहरातल्या इस्पितळात चादरी आणि गाऊन शिवायचं काम करायची, कुणापुढे हात पसरायची नाही. बस मात्र पुलाच्या अलीकडेच थांबायची. वस्तीतली सगळी माणसं पूल चालून येत आणि तिथून चढत. ताईचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याने साहेबांच्या मागे लागून लागून ती बस पुलापलीकडे नेली. नवे थांबे पडले, शेवटचा तर ताईच्या दारासमोरच. तक्त्यात तळाला त्यांच्या ओळी त्यानेच मोठ्या हौसेने लिहिल्या. मग नेहमीसारखं बटण दाबलं.

काही महिन्यांनी वरून हुकूम आला, माणसं रोडावली म्हणून तो मार्ग बंद. अलीकडच्या लोकांना दुसऱ्या बस होत्या. पलीकडच्यांना ही एकच होती.

ताईचा फोन आला. "अरे, रिकामी कसली? उभं राहायला जागा नसते. लोंबकळत जातात माणसं! कोण मेल्याने मोजलं?"

"बघतो ताई," म्हणाला, आणि तक्ता उघडून बसला. मॅक्रो आल्यापासून पहिल्यांदाच बेरजेसाठी खाली, अगदी तळापर्यंत गेला. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि चढू लागला. वरच्या ओळीत पोचला तेव्हा बेरीज जुळेना. पुन्हा चढला. जुळेना. मॅक्रो बनवला त्या दिवशी पुलाचा थांबा शेवटचा होता. कॉम्प्युटरने इमानाने तिथवरच बेरीज केली होती, दरवेळी. नव्या ओळी तळाशी नुसत्या पडून होत्या. पुलाच्या थांब्यावर चढणारी माणसं आता पलीकडेच चढत होती, आणि साहेबांना वरच्या ओळीत एवढंच दिसत होतं की माणसं रोडावली.

तो तसाच साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, चूक माझी आहे. लेखी देतो. काय शिक्षा करायची ती करा, पण बस चालू करा."

साहेबांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हता. "मामा, गाड्या दुसऱ्या मार्गावर गेल्या, ड्रायव्हर गेले. आता परत हवी तर मागणी दाखवावी लागेल."

"आहे ना मागणी!"

"ती चालू महिन्याच्या चिठ्ठ्यांवरून धरतात, जुन्या चालत नाहीत. बसच नाही तर चिठ्ठ्या कुठून आणणार?"

तरी त्याने अर्ज दिला. वर गेला आणि वरच राहिला. मग पुन्हा दिला. डेपोत त्याला अजून मॅक्रोमामाच म्हणत, आणि आता ती हाक आली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ताईने पूल चालून बघितला. गुडघ्यांनी दगा दिला, इस्पितळाचं काम सुटलं. वेगळ्या राहणाऱ्या तिच्या मुलाने येऊन सांगितलं, चल आमच्याकडे. सून दारात हसली नसती, हे ताईलाही ठाऊक होतं आणि मुलालाही. पण दुसरा मार्ग होता कुठे?

घराला कुलूप लावायला मॅक्रोमामाच गेला. शिलाई मशीन त्याने आणि टेम्पोवाल्याने मिळून टेम्पोत चढवलं. दारासमोरचा थांब्याचा खांब अजून उभाच होता. ताई त्याच्याकडे बघत म्हणाली, "तू डेपोत असूनही काही झालं नाही रे. आम्हाला कुणी मोजलंच नाही."

त्याला राहवेना. "ताई, मीच मोजायचो. माझ्यामुळे गेली बस. बटण जुनं होतं, नव्या ओळी त्यात आल्याच नाहीत. मी बघितलंच नाही गं."

मॅक्रो काय, बटण काय, ताईला काही कळलं नाही. ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

"शेवटच्या आकड्यावर बोट नाही ठेवलंस?"

"नाही ठेवलं."

ती टेम्पोत मशीनशेजारी बसली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि मुलाचं घर येईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.