हंगामी फील्डर

बारामतीला कॉलेजात मी बेसबॉल खेळायचो, आउटफिल्डर म्हणून. म्हणजे सगळ्यांत लांब, जिथं चेंडू आला तर आला, तिथं उभं राहायचं. आमच्या इंदापूरकडे बेसबॉल कुणाला ठाऊक नव्हता, पण उंच चेंडू पकडणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. साखर कारखान्याच्या क्रिकेट टीमनं मला बाउंड्रीवर उभं केलं आणि त्याच जोरावर हंगामी कामगार म्हणून चिकटवूनही घेतलं. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की काम, उन्हाळ्याच्या तोंडाला बंद झालं की घरी. टीम सांभाळणारे तात्या 'पुढच्या वर्षी कायम करू' असं दर वर्षी सांगायचे, आणि कारखान्यात त्यांचा शब्द चालायचा. कायम नसलेल्याला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मीही आशेवर राहिलो.

सात हंगाम गेले. माझ्यामागून लागलेले दोघं कायम झाले. त्यांना चेंडू धड फेकताही येत नव्हता. टाइम ऑफिसातल्या क्लार्कला कारण विचारलं, तर तो हसायलाच लागला.

"आरं, कायम झालास की उन्हाळ्यात मशिनरी खोलायच्या कामाला लागशील. मग मॅचला कोण जाणार? तू मोकळा हायस म्हणून तर तात्यांची टीम हाय."

माझं डोकंच सणकलं. इतकी वर्षं जीव तोडून पळत होतो आणि प्रत्येक कॅचबरोबर स्वतःलाच अडकवत होतो. आता चांगलं खेळायचंच नाही, असं ठरवलं.

त्या उन्हाळ्यात बावडा गावच्या स्पर्धेच्या फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये चेंडू थेट माझ्याकडे आला. सोपा होता. मी त्याच्या खाली जाऊन उभा राहिलो, हात वर केले आणि बोटं सैल सोडली. चेंडू पायाशी पडला. मॅच गेली. शिव्या खायच्या तयारीनं मी सावकाश चालत आलो. तात्या टीममधून काढतील, मग मला कायम करायला कुणाची आडकाठी राहणार नाही, असा माझा हिशेब.

तात्यांनी खांद्यावर हात ठेवला. "डोळ्यात ऊन आलं व्हय रं? तू सोडणारा न्हाईस, म्हाईत हाय मला. पुढच्या उन्हाळ्याला तुला चांगला गॉगल घिऊ."

सगळी टीम मान डोलवत होती. एकानं पाण्याची बाटली पुढं केली.

मुद्दाम सोडला, हे अगदी तोंडाशी आलं होतं. पण माझ्याबद्दल तालुक्यात लोक एकच चांगली गोष्ट सांगायचे. तीही गेली असती, तर माझ्यापाशी काय उरलं असतं?

"व्हय तात्या," मी म्हणालो, "ऊनच आलं."