मावेल तेवढं पीठ

शब्दाचा अर्थ चुकला तर फार तर एक गुण जातो, असं मी बावीस वर्षं वर्गात सांगत आलो आहे. आमच्या घरात सहा किलो पीठ गेलं.

मी पाटोद्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो. माझी बायको मंदा आरोग्यसेविका आहे. पहाटे पाचला उठून ती भाकरी थापते, खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटते, भाजी फोडणीला टाकते, तीन डबे भरते आणि आठच्या आत स्कूटीवरून उपकेंद्र गाठते. घरात तयार असं काही विकत येत नाही. तूप घरचं, मसाला घरचा, चहाबरोबरची बिस्किटंसुद्धा घरची! गव्हाच्या पिठाची, गुळाची. पीठ ती घरी मळते आणि रफिकभाईंच्या बेकरीत नेऊन भट्टीतून भाजून आणते. यातलं काहीही ती बोलून दाखवत नाही. ते खातं माझ्याकडे आहे. मला भाषणबाजीचा तिटकारा आहे (दुसऱ्यांच्या), पण मागच्या महिला दिनाला ‘घरचं अन्न’ या विषयावर मी चाळीस मिनिटं बोललो. मंदाला ऐकायला येता आलं नाही. ती घरचं अन्न करत होती.

तर मंदाला संभाजीनगरला आठ दिवसांचं प्रशिक्षण लागलं. ते पुरं करून शेवटची परीक्षा जी पास होईल, तिलाच वरची जागा. याआधी दोनदा ती अर्ध्यातून परत आली होती. एकदा आमच्या लेकीला, सायलीला ताप आला म्हणून, आणि एकदा मी गॅसवर दूध ठेवून कविसंमेलनाला गेलो म्हणून. या खेपेला परतली असती तर पुन्हा नाव लागणार नव्हतं. तिला एसटीत बसवून घरी आल्याबरोबर आमच्या दहावीतल्या सायलीनं फर्मान काढलं.

“पप्पा, आई आठ दिवस तिथंच ऱ्हायली पायजे. घर पेटलं तरी तिला सांगायचं न्हाई.”

“घर कशाला पेटेल?”

“मागच्या टायमाला पेटतच व्हतं!”

चौथ्या दिवशी बिस्किटांचा डबा रिकामा झाला. (तो मीच केला.) सायली म्हणाली, दुकानातून पुडा आणा. पण कोपऱ्यावरचं दुकान शेटे काकूंचं, आणि काकू माझ्या भाषणाला पहिल्या रांगेत बसल्या होत्या! त्यांच्याकडे बिस्किटाचा पुडा मागायचा? त्या दिवशी आम्हा दोघांना स्थानिक सुट्टी होती. मी ठरवलं, बिस्किटं मीच करणार. दुपारी मंदाला फोन लावला आणि सहज विचारतोय असा आवाज काढला.

“अगं, बिस्किटांचं प्रमाण काय असतं?”

“कावून?”

“एक लेख लिहितोय.”

“दोन वाट्या गूळ, वाटीभर तूप, वाटीभर दूध, चिमूटभर सोडा. आन् मावंल तेवढं पीठ. ठेवते, सर आले.”

मी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. ‘मावंल’चं ‘मावेल’ केलं. शुद्धलेखनात मी तडजोड करत नाही.

मावेल तेवढं. पण कशात मावेल? ते वाक्यात नव्हतं, अध्याहृत होतं. अध्याहृत पद संदर्भावरून ओळखावं, हे मीच शिकवतो. संदर्भ म्हणून माझ्यासमोर परात होती. आमच्या लग्नातली, पितळी, जिच्यात एखादं तान्हं लेकरू ऐसपैस झोपेल अशी.

गूळ, तूप आणि दुधाचं लहानसं डबकं परातीच्या मधोमध जमलं. त्यावर मी पीठ घालू लागलो. दोन वाट्या. मावलं. सहा वाट्या. मावलं. मग वाटी ठेवून दिली आणि कालच दळून आणलेला डबाच उपडा केला. मावलं! परात काठोकाठ भरली तेव्हा मला मंदाच्या अंदाजाचं फार कौतुक वाटलं.

सायली दारात येऊन उभी राहिली.

“पप्पा, हे काय हाय?”

“बिस्किटांचं पीठ.”

“न्हाई. हे नुसतं पीठ हाय.”

मी हात घालून ढवळलं. कोपरापर्यंत हात गेला, पण ओलावा लागला नाही. डबकं खाली कुठंतरी गाडलं गेलं होतं. मग थोडं दूध ओतलं. एका कडेला चिखल झाला, दुसऱ्या कडेनं धुरळा उडत राहिला. घरचं तूप संपलं होतं, तेव्हा मी सायलीला शेटे काकूंकडे तूप आणायला पाठवलं. तूप आलं, आणि तुपामागून काकूही आल्या.

“सर, दोन किलो तूप? घरात काय कार्य हाय का?”

मी त्यांच्यापुढे कागद धरला. काकूंनी कागद वाचला, परात पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

“अवं सर, मावंल म्हंजी दुधा-तुपात मावंल! परातीत न्हाई!”

“तसं वाक्यात स्पष्ट नाही,” मी म्हणालो.

“लहान लेकराला बी कळतंय की! मराठीच हाय ना ते?”

आता पीठ परत काढता येईना. काकू म्हणाल्या, “उलटं करा. पिठाला लागंल तेवढं तूप, गूळ, दूध घाला.” सायलीनं त्रैराशिक मांडलं. तिच्या गणिताचा घराला झालेला तो पहिला उपयोग. पीठ परातीतून घंगाळात गेलं, कारण परातीत ते आता खरंच मावत नव्हतं. मी मळायला बसलो. दहा मिनिटांत खांदे भरून आले, वीस मिनिटांत बोटं मिटेनात. चाळीस मिनिटं भाषण करता येतं, कणीक मळता येत नाही! ही बाई हे रोज करते आणि वर उपकेंद्रात जाऊन पन्नास लेकरांना लस टोचते. त्या घंगाळापुढे मांडी घालून बसलो असताना माझ्या मनात तिच्याविषयी जो आदर दाटून आला, तो मी कुठल्याच भाषणात आणू शकलो नव्हतो.

रिक्षात मागच्या सीटवर घंगाळ बसलं. सायली आणि मी ड्रायव्हरच्या दोन बाजूंना लटकलो. बेकरीत रफिकभाईंनी फडकं उचलून पाहिलं.

“क्या सर, घर में शादी हाय क्या?”

“नाही हो. चहाबरोबर खायला.”

“कित्ते लोगां की चाय?”

भट्टीतून एकामागून एक ट्रे निघत राहिले. सहाशेच्या पुढे सायलीनं मोजणं सोडलं. चव बरी होती. म्हणजे मंदाच्या बिस्किटांची आठवण यावी आणि मन उदास व्हावं, इतपत.

घरातले डबे भरले, कळशी भरली, तरी दोन मोठ्या पिशव्या उरल्या. “आई यायच्या आत हे सगळं संपलं पायजे,” सायली म्हणाली. म्हणजे वाटणं आलं. आम्ही गल्लीत वाटली, कॉलेजात वाटली, मंदाच्या उपकेंद्रातही वाटली. जो तो विचारी, “कशाबद्दल?” खरं सांगायची सोय नव्हती. मी म्हणायचो, “मंदा ट्रेनिंगला गेलीय ना, त्यानिमित्त.” गल्लीच्या या टोकाला हे वाक्य एवढंच होतं. त्या टोकाला पोचेपर्यंत मंदाला प्रमोशन मिळालं होतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

“अहो, मला प्रमोशन मिळालंय का?”

“नाही... म्हणजे, मिळेल.”

“मग चकलांब्याची मावशी अभिनंदन कशाचं करायलीय? सकाळधरनं सतरा फोन आले! काय केलंत तुमी?”

सायली समोरून दोन्ही हात हलवत होती: सांगू नका, ती निघून येईल! पण मला बायकोशी खोटं बोलता येत नाही. (म्हणजे, पकडला जातो.) मी सगळं सांगितलं.

“पीठ किती घेतलं व्हतं?”

“मावेल तेवढं.”

आणि पलीकडे जे हसू फुटलं ते एकटीचं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. खोलीतल्या साऱ्या सेविका हसत होत्या.

“तू निघून येणारेस का?” मी घाबरत विचारलं.

“आता कशी येऊ? परीक्षेच्या आधीच गावाचं तोंड गोड करून बसलात! नापास होऊन कंच्या तोंडानं यायचं? ठेवा फोन, मला वाचायचंय.”

ती आठही दिवस राहिली, आणि पहिली आली.

तीन महिन्यांनी बढतीचा कागद हातात पडला. मी आणि सायली पेढे वाटायला निघालो. (विकतचे. मंदाची अट.) शेटे काकूंनी पेढा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“हे कशाचे? मंदाचं प्रमोशन तर कवाच वाटलंत की. आता तुमचं झालं व्हय?”

मी बावीस वर्षं त्याच पदावर आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी घसा खाकरला, पण सायली होतीच.

“झालं की काकू! आई आता पप्पांना कणीक मळू देती.”

बातमी खरी होती. फक्त पाणी अजून ती स्वतः घालते.