सांगलीला पिस्तूल बघायला

आमच्या घरात लष्करात न गेलेले पुरुष दोनच. एक माझे चुलते, कारण उसाकडे आणि बैलांकडे कुणीतरी बघायला हवं होतं. आणि दुसरा मी, कारण भरतीच्या वेळी माझी छाती भरली नाही. साहेबानं फुगवायला सांगितली, मी फुगवली, तरी टेपवाल्यानं मान हलवली. वडील पलटणीत हवालदार होते आणि रंगरुटांना बंदूक शिकवण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली होती. मी परत आलो तेव्हा ते "जेवून घे," एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे मी साताऱ्याला हायस्कुलात भूगोलाचा मास्तर झालो. तिथे काही वकील आणि एक दातांचे डॉक्टर मिळून रविवारी नेमबाजी करत. क्लबाचं पिस्तूल एकच होतं. मी सहज म्हणून गेलो, आणि कसं कोण जाणे, माझे नेम लागायला लागले. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल. कचेरीत खेटे घालून माझ्या चपला झिजल्या, पण परवाना मिळाला. आता पिस्तूल घ्यायचं होतं. पण खरं सांगायचं तर पिस्तुलापेक्षा मला दुसरंच काही हवं होतं. वडिलांनी एकदा, फक्त एकदा, मला नेम धरताना बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून मी उंब्रजजवळच्या आमच्या गावी जाऊन परवाना दाखवला. परिणाम भलताच झाला. आमच्याकडे बैल घ्यायचा असो की सून करायची असो, बघायला एकटं जायचं नसतं. वडील निघालेच, आणि चुलतेही पटका बांधून, खांद्यावर उपरणं टाकून तयार झाले. बैलबाजारात चुलत्यांचा शब्द अखेरचा मानत. जनावराच्या पाठीवर हात फिरवून ते त्याचा स्वभाव सांगत. पिस्तुलाच्या बाबतीत आपण मागे राहावं, असं त्यांना अजिबात वाटलं नाही.

कऱ्हाडला गाडीत बसल्यापासून चुलत्यांनी मला पढवायला सुरुवात केली.

"आवडलं त्ये दावायचं न्हाई. दुसरंच हातात घ्यायचं, त्येचीच वाहवा करायची. मनातल्या मालाला नावं ठेवायची. यापारी ढिला पडतोय मग."

"नाना, दुकान हाय ते. बाजार न्हाई."

"दुकानात काय माणसं बसत न्हाईत व्हय?"

सांगलीच्या दुकानाचे मालक एक गोरे, नाजूक, चष्मेवाले म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी दोन पिस्तुलं काचेवर मांडली. दोन्ही बारीक काडतुसांची. बुडाच्या कडेवर ठोका बसला की उडणारं, करंगळीच्या पेराएवढं काडतूस. एक पिस्तूल छोटं, चकचकीत, एका दमात सात गोळ्या झाडणारं. दुसरं काळं, लांब नळीचं, बेढब लाकडी मुठीचं, आणि दर वेळी एकच गोळी भरायची. ते दुसरं मी हातात घेतलं आणि मूठ तळव्यात अशी बसली की सोडवेना. नळी लांब म्हणजे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर जास्त; हात जरा चळला तरी लगेच कळणार. मला हेच हवं होतं. चुलत्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

मी ते खाली ठेवलं आणि चकचकीत पिस्तूल उचलून म्हणालो, "वा, काय वस्तू आहे!"

"त्ये काळं कसलं हाय?" वडिलांनी विचारलं.

"एका वेळी एकच गोळी बसते त्यात," मी नाक मुरडून म्हणालो.

"एकच? आन् तवर समोरचा गडी थांबणार हाय व्हय?"

"समोर गडी नसतो आबा. कागद असतो."

"कागुद?" वडिलांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "कागदानं काय वाकडं केलंय तुजं?"

मालकांनी काडतूस त्यांच्या हातावर ठेवलं. वडिलांनी ते तंबाखूच्या चिमटीसारखं बोटांत धरलं. "ह्येनं चिमणी तरी पडंल का?" असं ते कुणालाच न विचारता म्हणाले, आणि मी जमिनीकडे बघू लागलो.

तोवर चुलत्यांनी काळं पिस्तूल ताब्यात घेतलं होतं. त्यांनी त्याच्या मुठीवर थाप मारली, वास घेतला, आणि नळी डोळ्याला लावून आत बघितलं. मालक ओरडलेच. पिस्तूल रिकामं होतं, पण म्हाताऱ्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"मान लांब, अंग रोड," चुलत्यांनी निकाल दिला. "चार दिस टिकायचं न्हाई." मग माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला. माझ्या मनातला माल त्यांनी बरोबर ओळखला होता. माणूस लबाड, पण नजर पक्की.

आता सौदा. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. गिऱ्हाईक आणि व्यापारी उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. चार माणसं भोवती उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. चुलत्यांना खरेदीची दुसरी रीत ठाऊकच नव्हती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर टाकलं, काचेवरून पुढे झुकले, आणि झाकलेला हात मालकांच्या पोटाशी नेऊन हळूच म्हणाले, "हं. बोला आता."

बंदुकांच्या दुकानात झाकलेला हात पोटाशी आला की माणूस काय समजेल? मालकांचे दोन्ही हात वर गेले. मागे हिशेब लिहीत बसलेला कारकून दिसेनासा झाला. टेबलाखालून फक्त त्याची टोपी बाहेर राहिली. "काय हवं ते न्या," मालक म्हणाले, "पण मला तीन मुली आहेत."

चुलत्यांना वाटलं, हीही भाव करायची एक तऱ्हा आहे. "आमालाबी दोन हायेत," ते म्हणाले आणि हात आणखी पुढे सरकवला.

मी उपरणं ओढलं. खाली चुलत्यांची पाच रिकामी, चुना लागलेली बोटं होती. वडील इतक्या मोठ्यानं हसले की मी त्यांना तसं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी गडबडीत तोंडी येणाऱ्या आपल्या पलटणीच्या हिंदुस्थानीत मालकांना सगळं समजावलं, कारकुनाला टेबलाखालून बाहेर काढलं, आणि मग सगळे पाणी प्यायले. जीव वाचल्याच्या आनंदात मालक म्हणाले, "मागे अंगण आहे. दोन्ही चालवून बघा, मग ठरवा."

अंगणाच्या टोकाला वाळूची पोती रचून त्यांवर कागदाचं निशाण लावलं होतं. वडिलांनी न विचारता चकचकीत पिस्तूल घेतलं. ते उभे राहिले. लहानपणी बघितलेले वडील तेच होते, तसेच ताठ. त्यांनी सात गोळ्या झाडल्या. वाळू उडाली. एक पोतं फुटून सांडायला लागलं. कागद होता तसा कोरा राहिला.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मनगट थरथरत होतं, आणि ते थांबवायला त्यांनी दुसऱ्या हातानं ते धरलं होतं.

"वारं हाय लय," चुलते म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"तू मार," वडील मला म्हणाले.

मी काळं पिस्तूल उचललं. चुलत्यांनी हळहळून चक् केलं, पण आता सोंग करण्यात अर्थ नव्हता. एकेक काडतूस वडीलच माझ्या तळहातावर ठेवत होते. मी भरत होतो, हात सावकाश वर नेत होतो, श्वास अर्धा सोडून थांबत होतो. पाच काडतुसं झाली. वडील चालत पोत्यांपर्यंत गेले. पाचही भोकं सुपारीएवढ्या जागेत होती. त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं, परत आले आणि मालकांना म्हणाले, "ह्येच द्या."

"आता कमी करतोय व्हय त्यो!" चुलते कळवळले. मालकांनी खरंच काही कमी केलं नाही. चुलते मिरज येईपर्यंत आम्हा दोघांशी बोलले नाहीत.

मिरजेला गाडी बदलायची होती आणि कऱ्हाडच्या गाडीला वेळ होता. चुलते तांब्या घेऊन नळावर गेले. पिस्तुलाची पेटी वडिलांनी मांडीवर धरली होती. ती त्यांनी मला उचलूच दिली नव्हती.

"ह्यो हात दोन वरसं झाली कापतोय," ते पेटीकडे बघत म्हणाले. "घरात कुणाला ठावं न्हाई."

मी बाकावर त्यांच्याजवळ सरकलो.

"तुजा हात जरा बी हालला न्हाई. मी बघत हुतो." मग आजूबाजूला बघून ते हलक्या आवाजात म्हणाले, "मला शिकवशील का? पयल्यापास्नं?"

ज्या माणसानं शेकडो पोरांना बंदूक धरायला शिकवली, तो मला हे विचारत होता. मी हो म्हणालो.

"मग सांग की. उभं कसं ऱ्हायचं, तितनं धर."

मी सांगितलं. पेटी बाकावर ठेवून ते भर फलाटावर उठून उभे राहिले. चुलते पाणी घेऊन आले तेव्हा वडील एक डोळा मिटून, रिकामा हात सिग्नलच्या दिशेनं लांब करून उभे होते, हमाल त्यांना वळसा घालून जात होते, आणि ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "आता बराबर हाय का, मास्तर?"