दहिवरातला पावटा

आमच्या प्रयोगशाळेत कुठली वस्तू मौल्यवान आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. ती उणे ऐंशीत असते. उणे ऐंशी म्हणजे कपाटाएवढा फ्रीजर. आतलं तापमान शून्याच्या खाली ऐंशी अंश, दार उघडलं की पांढरी वाफ अंगावर येते. भोसरीतल्या या प्रयोगशाळेत मी कितीतरी वर्षं वनस्पतींचा डीएनए काढते आहे, आणि एवढ्या वर्षांत हाताला एकच वळण लागलं आहे. जपायचं आहे ना, मग टाक उणे ऐंशीत. या सवयीनं माझा घात केला. माझा म्हणते खरी, पण नुकसान आईचं झालं.

आई कुरुळीत राहते. आमची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली आणि उरलेल्या तुकड्यावर भावानं कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या काढल्या. त्या खोल्यांच्या मागच्या कुंपणावर आईचा पावटा चढलेला असायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेरी गेली, तेव्हा तिच्या आईनं पदराला बांधून दिलेलं हे बी. जांभळं फूल, आखूड शेंग, तपकिरी दाणा. आणि एक खोड. शेंग वाळली की दुपारच्या उन्हात फाटकन तडकायची आणि दाणे पत्र्यावर उडायचे. रात्रपाळी करून झोपलेले भाडेकरू वैतागायचे. आई त्यांना म्हणायची, "माज्या पावट्याची दिवसपाळी हाय बाबांनो, काय करू?" म्हणून ती शेंगा सकाळी दहिवरातच तोडायची. ओल आहे तोवर शेंग तोंड उघडत नाही. मग दाणे काढून चार दिवस सावलीत, दोन दिवस उन्हात, आणि शेवटी राखेत घोळून मडक्यात.

लहानपणापासून मी हे बघत आले होते. पण त्या तडकण्याकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते प्रयोगशाळेत, संगणकाच्या पडद्यावर. रानातल्या शेंगेला तडकावंच लागतं, नाहीतर बी पसरणार कसं? पण तडकलेल्या शेंगेचे दाणे मातीत जातात आणि न तडकलेली शेंग माणसाच्या हाताला लागते. तीच पुढच्या वर्षी पेरली जाते. हजारो वर्षं असं वेचत गेलं की डीएनएतली काही अक्षरं बदलतात आणि शेंग गप्प बसायला शिकते. पावट्याला माणसानं एकदा नव्हे, निदान दोनदा, वेगवेगळ्या जागी माणसाळवलं असावं, असं हल्ली जनुकं वाचून दिसू लागलं आहे. आमच्या विभागाच्या मॅडम पावट्याचे गावोगावचे वाण जमवत होत्या. मी सहज म्हणाले, आमच्या आईचा पावटा अजून तडकतो. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याचं बी आणायला सांगितलं.

माघातला रविवार होता. पिंपळे गुरवहून मी गाडी काढली आणि कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत सकाळीच कुरुळीला पोचले. भाऊ त्याच आठवड्यात कुंपण काढून भिंत घालणार होता, म्हणून आईनं वेल पार रिकामा केला होता. सुपात दाणे होते, ओले, चकचकीत.

"चार दिस थांब," आई म्हणाली. "वाळवून, राखंत घोळून देते. आत्ता वलं हाय."

"वाळवायची गरजच नाही आई. आमच्याकडे उणे ऐंशी आहे. तिथं काहीच खराब होत नाही."

"माज्या फ्रिजात काकडी मागं सरकून गोठली, तर भाईर काढल्यावर पाणी झालं तिचं."

"तुझा फ्रीज आणि आमचा फ्रीज सारखा आहे का?"

मी हसले. तीही हसली, कारण मी शिकलेली. मग तिनं सूपच माझ्यापुढे सरकवलं. "मग समदंच ने. यंदा पेराया जागा न्हाई. मडक्यात दोन वर्सं ऱ्हायलं तर भुंगा लागंल. तुज्यापाशी नीट ऱ्हाईल."

निम्मं तुझ्याजवळ राहू दे, एवढं मी म्हणायला हवं होतं. तीन-चार शब्द. ते मी म्हणाले नाही. उलट मला केवढा अभिमान वाटला, की आईनं तिचं बी माझ्या विज्ञानावर सोपवलं. आणि खरं सांगायचं तर घाई कसलीच नव्हती. मॅडमनी तारीख दिली नव्हती. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर दाण्यांची बरणी मिरवायची होती मला, बाकी काही नाही. बरणीवर चिठ्ठी लावली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'आई' लिहिलं आणि बरणी उणे ऐंशीत ठेवून दार लावलं.

त्यातले सहा दाणे कुटले. डीएनए असा सुरेख निघाला की मॅडमनी समोसे मागवले. अक्षरं वाचून झाली, बाकीच्या वाणांशी ताडून झाली. आईचा पावटा इतरांपासून फार पूर्वी वेगळी झालेली फांदी निघाला, आणि तडकण्याच्या जनुकात तो अजून रानाच्या जवळ होता. मी आईला फोन केला. म्हटलं, "तुझा पावटा फार जुना आहे गं." ती म्हणाली, "ते म्या कवाच सांगितलं आस्तं. तू इचारलं कुटं?"

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला तिचा फोन आला. खोल्यांच्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे मातीनं भरून ठेवले होते. "माजं बी आण आता."

द्यायच्या आधी मी दहा दाणे ओल्या टिपकागदावर ठेवले. दहापैकी दहा उगवले, असं तिला ऐटीत सांगायचं होतं. दाणे फुगले, मऊ पडले आणि चौथ्या दिवशी त्यांना वास सुटला. मी आणखी वीस ठेवले. मग पन्नास. मग बरणीच रिकामी केली. एकालाही कोंब फुटला नाही. दहिवरात तोडलेल्या दाण्यांतल्या पाण्याचा बर्फ झाला होता आणि त्या बर्फानं आतली पेशी न पेशी फाडली होती. गोठवण्याआधी बी वाळवायचं असतं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेली बाई. डीएनएला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. मेलेल्या दाण्यातली अक्षरंही जशीच्या तशी होती, हवी तितकी वाचा. काकडीची गोष्ट आई मला सुपाशेजारी बसून सांगत होती, आणि मी हसले होते. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग मी त्याहून वाईट वागले. पिंपरीच्या मंडईतून पाव किलो पावटा आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तपकिरी, आखूड दाणे निवडत बसले. अख्खं जनुक वाचणारी मी, डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर फसवायला निघाले होते. आईनं ते दाणे ओंजळीत घेतले, नाकाशी नेले आणि पेरले.

पौषात मी गेले नाही. काम आहे म्हणून सांगितलं. माघात तिनं बोलावूनच घेतलं.

भर दुपारी आम्ही गच्चीवर बसलो होतो. डब्यांवर वाळलेल्या शेंगा लोंबत होत्या. ऊन चांगलं तापलं होतं, पण एकही शेंग तडकत नव्हती. वेलाच्या शेंड्याला उशिरानं आलेली दोन फुलं होती, पांढरी. खालच्या खोलीतली भाडेकरीण कपडे वाळत घालायला वर आली, तर आई तिला म्हणाली, "ह्ये माज्या लेकीनं जपल्यालं बी हाय बरं का." मला तोंड वर करवेना.

बाई खाली गेल्यावर मी म्हणाले, "आई, ते बी..."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "फूल उमललं तवाच कळलं."

तिनं खालून लोणच्याच्या दोन बरण्या आणल्या. दोन्हींत राखेत घोळलेले दाणे होते. एक माझ्या हातात दिली. "नीट वाळवलंय. ह्ये निम्मं तुला. निम्मं माज्यापाशी ऱ्हाऊ दे."

बाजारातलंच बी ते. उद्या संपलं असतं तरी पुन्हा मंडईत मिळालं असतं. तरी तिनं निम्मं मागं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच आईनं माझ्यापासून काही राखून ठेवलं होतं, आणि ते बरोबरच होतं.