चाचींनी आज सांगितलं

आज मराठवाडा मुक्तिदिन. झेंडावंदन करून दरवर्षीसारखी जिलबी घेऊन शेजारच्या चाचींकडे गेले. उदगीरात वीस वर्षं आमची भिंत एकच आहे.

मी सहज विचारलं, "चाची, तो दिवस आठवतो का तुम्हाला?"

"हाव. पाच वर्षांची होते. निजामाचं राज गेलं, त्याच आठवड्यात लोक अब्बांना रझाकार म्हणून घरातून घेऊन गेले. शाळेत मास्तर होते, बेटा. परत आलेच न्हाईत. कबरसुद्धा न्हाई."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू लई खुशीनं यायचीस."

मी जिलबी तिथंच ठेवली. मग उठून घरी आले.

मैत्रिणींनो, आपण स्वतंत्र झालो त्या दिवसांत ज्यांचा बाप गेला, त्यांच्याशी या दिवशी काय बोलायचं?