कोळंबीचा डबा

माझी बायको कारवारकडची. लग्न होऊन बेंगळुरात राजाजीनगरच्या आमच्या घरी आली तेव्हाच मी तिला सांगून टाकलं होतं, आई शाकाहारी आहे, तिला घरात मासे शिजवलेले चालणार नाहीत. बायकोनं वाद घातला नाही. माहेरी गेली की खायची, तेवढंच.

गेल्या डिसेंबरात व्हाइटफील्डच्या माझ्या ऑफिसातल्या एका मित्रानं आम्हाला किनाऱ्यावरच्या त्याच्या गावी नेलं. सकाळी त्याच्या होडीतून खाडीत कोळंबी धरायला निघालो. तो, वहिनी, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. मित्रानं पाग, म्हणजे ते फेकायचं गोल जाळं, भिरकावलं आणि ते तसंच गुंडाळीसकट पाण्यात पडलं. वहिनी म्हणाल्या, राजीनामा फेकावा तसा फेकतोय. मग बायकोनं ओढणी कमरेला बांधली, जाळ्याची कड दातांत धरली, अंग वळवलं आणि सोडलं. जाळं पाण्यावर पूर्ण उघडून पडलं. मुलगी बघत राहिली. आईला तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

परतताना बायको कोळंबी निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरी नेऊ या का थोडी? माझ्या हातची कधी खाल्लीच नाही हिनं."

मी हो म्हणालो. आईशी मी बोलतो, असंही म्हणालो. वहिनींनी बर्फ घालून डबा भरून दिला.

वाटभर बायको मुलीला सांगत होती, नारळ किती घ्यायचा, तिरफळं बेंगळुरात कुठे मिळतील. मी गाडी चालवत आईसमोरची वाक्यं जुळवत होतो. एकही जुळेना. घर आलं. दोघी बॅगा घेऊन वर गेल्या. मी डिकीतून डबा काढला आणि तळमजल्यावरच्या भाडेकरू अण्णांच्या हातात देऊन टाकला.

वर गेलो तर आई विचारत होती, "कोळंबी नाही आणली? समुद्राकडे गेलात म्हणून मी मागच्या गच्चीत शेगडी काढून ठेवली की. म्हटलं, स्वल्प वेगळं शिजवील तिकडं."

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, बर्फ वितळला, खराब झाली, वाटेत टाकून दिली.

संध्याकाळी खालून कोळंबी परतल्याचा वास स्वयंपाकघरात आला. मुलीनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं माझ्या ताटात पोळी वाढली.

"आईंना एकदा विचारायचं तरी होतंत," ती म्हणाली.

आईनं मला कधी मनाई केली होती, हे त्या रात्री मी आठवून पाहिलं. आठवलं नाही. विषय काढायची भीती माझी होती. मी ती इतकी वर्षं आईच्या नावावर खपवली. हे दोघींपैकी कुणालाच अजून सांगितलेलं नाही. मित्र पुन्हा बोलावतोय. आई म्हणते, जाऊन या.

बायको म्हणते, तुम्ही दोघं बापलेक जा.